जुन्या प्रोग्रॅमशी खोटं बोलावं का?

विंडोजवर एखाद्या जुन्या प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक करा आणि 'प्रॉपर्टीज' हा पर्याय निवडा. वर जे टॅब दिसतात त्यात एक असतो 'कंपॅटिबिलिटी'. बहुतेकांनी तो कधी उघडलेला नसतो. जे फोनवरच लहानाचे मोठे झाले त्यांना तर असं काही असतं हेही माहीत नसतं. आत टिक करायला चार-सहा चौकोन असतात. हा प्रोग्रॅम विंडोज ९५ वर असल्यासारखा चालवा, किंवा एक्सपीवर, किंवा विंडोज ७ वर. रंग कमी करा, २५६ पुरेत. स्क्रीन ६४० बाय ४८० ची करा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.

'एक्सपी' निवडलं म्हणून कॉम्प्युटर काही एक्सपी होत नाही. खाली विंडोज १० किंवा ११ च असतं. फक्त तो प्रोग्रॅम जेव्हा विचारतो, "तू कुठलं विंडोज?", तेव्हा त्याला उत्तर मिळतं, "एक्सपी." प्रोग्रॅम आणि सिस्टिम यांच्यामध्ये एक पातळ थर बसवलेला असतो. त्याला 'शिम' म्हणतात. हा मूळचा सुतारकामातला शब्द. टेबल डुगडुगत असेल तर पायाखाली आपण जी पाचर सारतो, ती म्हणजे शिम. टेबल तेच राहतं आणि फरशीही तीच राहते, पण टेबल स्थिर होतं.

म्हणजे जगातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी डेस्कटॉप सिस्टिम आपल्या जुन्या पाहुण्यांशी रोज खोटं बोलते, आणि त्यासाठी तिने रीतसर एक टॅब ठेवलेला आहे. मला प्रश्न पडतो तो असा: हे खोटं बोलणं बरोबर आहे का? आणि असेल, तर कुठपर्यंत?

*

आधी हे खोटं आलं कुठून ते बघू.

विंडोज ३.१ स्वतःचा आवृत्ती क्रमांक ३.१० असा सांगायचं. त्या काळच्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये तपासणी घाईने लिहिलेली होती: दशांश चिन्हापुढचा आकडा १० किंवा जास्त असेल तर चालू, नाहीतर "तुमचं विंडोज जुनं आहे" म्हणून बंद. मग आलं विंडोज ९५. त्याचा खरा क्रमांक ४.०. पुढचा आकडा शून्य! नवंकोरं विंडोज या प्रोग्रॅमना जुनाट वाटलं असतं. यावर तोडगा असा काढला की विंडोज ९५ जुन्या प्रोग्रॅमना आपला क्रमांक ३.९५ सांगायचं. चूक प्रोग्रॅमची होती, पण तडजोड सिस्टिमने केली. हा वारसा अजून चालू आहे. विंडोज ७ आतून ६.१ होतं आणि विंडोज ११ आजही विचारलं तर १०.० म्हणतं.

दुसरा किस्सा 'सिमसिटी' या खेळाचा. जोएल स्पोल्स्की या प्रोग्रॅमरने तो लिहून ठेवलाय. या खेळात एक दोष होता. वापरून झालेली मेमरी तो सिस्टिमला परत करायचा आणि लगेच पुन्हा तिथेच डोकवायचा. भाड्याची खोली सोडून किल्ली परत द्यायची आणि दुसऱ्या दिवशी मागच्या दाराने आत जाऊन आपलं सामान शोधायचं, तसं. विंडोज ३ च्या काळात हे खपून गेलं, कारण खोली रिकामीच असायची. विंडोज ९५ मात्र ती लगेच दुसऱ्याला देऊ शकत होतं. मग मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी विंडोजमध्येच खास तजवीज केली: सिमसिटी चालू आहे असं दिसलं की सोडलेली मेमरी लगेच दुसऱ्याला द्यायची नाही. एका खेळाच्या चुकीसाठी अख्ख्या सिस्टिमने आपला नियम वाकवला.

मायक्रोसॉफ्टमधले जुने इंजिनिअर रेमंड चेन यांनी सांगितलेली गोष्टही अशीच आहे. विंडोज ९५ तयार होत असताना त्यांच्या डेव्हलपमेंट मॅनेजरने सॉफ्टवेअरच्या दुकानात जाऊन तिथल्या प्रत्येक प्रोग्रॅमची एकेक प्रत विकत घेतली. मग टीममधल्या लोकांनी ते प्रोग्रॅम वाटून घेतले आणि कुठला मोडतो ते तपासलं.

यात दया किती आणि धंदा किती? चेन यांचं म्हणणं सरळ आहे. ग्राहक नवं विंडोज घेतो, त्याचा आवडता प्रोग्रॅम बंद पडतो, तेव्हा तो शिव्या प्रोग्रॅमला घालत नाही, विंडोजला घालतो आणि ते परत करतो. म्हणजे ही माया स्वार्थातून आलेली आहे. पण स्वार्थातून असो की कशातून, एक नीतीचं तत्त्व मात्र त्यातून आकाराला आलं, आणि ते मला पटतं: ज्याने जग बदललं, त्याने त्या बदलाचा खर्च उचलायचा. जो जागच्या जागी उभा होता, त्याच्या अंगावर तो टाकायचा नाही.

*

पण खोटं ते खोटंच ना?

कांटने १७९७ मध्ये एका निबंधात टोकाची भूमिका घेतली होती. तुमच्या मित्राच्या मागे खुनी लागलाय, तो दारात येऊन विचारतोय, "तुझा मित्र आत आहे का?" तरी खोटं बोलायचं नाही. आपल्याकडे याच प्रश्नाची दुसरी बाजू महाभारतात आहे. अश्वत्थामा गेला, हे धर्मराज द्रोणाचार्यांना सांगतो. गेला तो त्या नावाचा हत्ती, हे पुटपुटतो. शब्द खरे, हेतू खोटा. आणि त्याचा जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा रथ खाली टेकतो. युद्ध जिंकलं, पण काहीतरी उतरलं ते उतरलंच.

प्रोग्रॅम माणूस नाही. त्याला विश्वास नाही, म्हणून विश्वासघातही नाही. "तू एक्सपीवर आहेस" असं सांगितल्याने त्याच्यावर काही अन्याय होत नाही. एवढ्यावर विषय संपला असता. पण आधी दुसरा रस्ता कसा दिसतो ते बघायला हवं.

तो रस्ता ॲपलचा. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं आणि ३२ बिटवर चालणारी सगळी जुनी ॲप्स आयफोनवर उघडायची बंद झाली. २०१९ मध्ये मॅकवर 'कॅटालिना' आलं, तिथेही तेच. आधीपासून इशारे दिले होते आणि मग ठरलेल्या दिवशी दार बंद केलं. यात खोटं काही नाही. नव्या जगात तुम्हाला जागा नाही, हे तोंडावर सांगितलं. त्याचे फायदेही खरे आहेत. सिस्टिम सुटसुटीत राहते, जुन्या चुका पिढ्यान्‌पिढ्या वाहाव्या लागत नाहीत. पण ज्याचा एखादा खेळ किंवा कामाचं साधन फक्त जुन्या रूपातच होतं आणि बनवणारी कंपनी कधीच बंद झाली होती, त्याच्या हातात तो खरेपणा घेऊन करण्यासारखं काही उरलं नाही.

एका बाजूला खोटी माया, दुसऱ्या बाजूला खरी हकालपट्टी. मला बराच काळ वाटायचं की यातली माया निवडावी. माझ्या मामाच्या दुकानातल्या एका प्रसंगानंतर मला प्रश्नच वेगळा दिसायला लागला.

*

मामाचं तालुक्याच्या गावी घाऊक स्टेशनरीचं दुकान आहे. २००३ मध्ये गावातल्याच एका मुलाने त्याला व्हिज्युअल बेसिकमध्ये उधारीची खतावणी करून दिली होती. कुठल्या शाळेकडे किती, कुठल्या झेरॉक्सवाल्याकडे किती, सगळं त्यात. जीएसटी आल्यावर बिलांसाठी नवं सॉफ्टवेअर घ्यावं लागलं, पण उधारी जुन्यातच राहिली. मामाची बोटं त्यावर न बघता चालतात. ते करून देणारा मुलगा केव्हाच गाव सोडून गेला.

२०१८ मध्ये दुकानात विंडोज १० असलेला पीसी आला. प्रोग्रॅम उचलून त्यावर टाकला आणि तो काही न करता चालला. कुठलाही चौकोन टिक करावा लागला नाही. सहा वर्षं बिनबोभाट चाललं. मग एक दिवस मामाचा फोन आला. "अगं, सगळी उधारी २०१८ वर गेलीय. त्यानंतरचं काहीच दिसत नाही."

झालं होतं ते असं. प्रिंटर जोडायला आलेल्या मुलाने, प्रिंट निघत नाही म्हणून, कंपॅटिबिलिटीच्या टॅबमध्ये 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' या चौकोनावर टिक केली होती. एवढंच.

एवढ्याने सहा वर्षं कशी गायब होतात? जुने प्रोग्रॅम आपली माहिती स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये, लिहायचे. व्हिस्टापासून विंडोजने सुरक्षेसाठी तिथे लिहायला मनाई केली. पण मग असे असंख्य प्रोग्रॅम मोडले असते. म्हणून विंडोज त्यांना "हो, लिहिलं" असं सांगतं आणि गुपचूप ती फाइल वापरणाऱ्याच्या खात्यातल्या 'व्हर्च्युअल स्टोअर' नावाच्या आडबाजूच्या फोल्डरमध्ये ठेवतं. वाचायला मागितली की तिथूनच काढून देतं. प्रोग्रॅमला वाटतं, आपण आपल्या घरातच आहोत. पण ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं की हा पडदा दूर होतो, कारण त्याला खऱ्या जागी लिहायची परवानगीच असते. मग त्याला दिसते ती खऱ्या जागची फाइल, पीसी आला त्या दिवशी ठेवलेली आणि नंतर कुणीही हात न लावलेली.

टिक काढली. सहा वर्षं परत आली. मामाने सुस्कारा सोडला.

मग मी त्याचा पेन ड्राइव्ह बघितला. मामा शिस्तीचा माणूस. दर शनिवारी संध्याकाळी दुकान बंद करताना तो प्रोग्रॅमचा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायचा. जवळपास तीनशे शनिवार त्याने हे केलं होतं. आणि प्रत्येक वेळी त्याने 'प्रोग्रॅम फाइल्स'मधली तीच, २०१८ ची फाइल उतरवली होती. त्या सहा वर्षांत हार्ड डिस्क एकदा जरी गेली असती, तर लाखो रुपयांच्या उधारीचा एकही पुरावा उरला नसता.

मामा बराच वेळ त्या तारखेकडे बघत होता. मग म्हणाला, "इतकी वर्षं मला कुणी सांगितलं का नाही?"

मी प्रोग्रॅमचा फोल्डर सी ड्राइव्हवर सरळ उघड्या जागी हलवला, खरी फाइल तिथे आणून ठेवली. आता त्याला जे दिसतं तेच पेन ड्राइव्हवर जातं. महिन्यातून एकदा सगळी खतावणी एक्सेलमध्येही निघते. पण मामाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

*

प्रोग्रॅमशी बोललेल्या खोट्याने प्रोग्रॅम फसत नाही. फसतो त्याच्या पलीकडे बसलेला माणूस. विंडोजला मामाला फसवायचं नव्हतं. त्याला फक्त काम चालू ठेवायचं होतं. पण कंपॅटिबिलिटीचा टॅब आणि व्हर्च्युअल स्टोअर यांत मोठा फरक आहे. टॅबमधलं खोटं आपण मागून घेतलेलं असतं. टिक आपण करतो, ती दिसते, ती काढता येते, आणि ती त्या एकाच प्रोग्रॅमपुरती असते. व्हर्च्युअल स्टोअरचं खोटं कुणी मागितलेलं नसतं. ते इतकं सफाईदार असतं की ते आहे हेच कळत नाही. पहिल्यात माणूस खोट्याचा भागीदार असतो. दुसऱ्यात तो त्याचं गिऱ्हाईक होतो.

'गुड बाय, लेनिन!' हा २००३ चा जर्मन सिनेमा अनेकांनी पाहिला असेल. पूर्व बर्लिनमधली एक कट्टर समाजवादी आई भिंत पडण्याच्या जरा आधी कोमात जाते आणि आठ महिन्यांनी शुद्धीवर येते. तोवर तिचा देशच संपत आलेला असतो. डॉक्टर सांगतात, धक्का बसला तर जगणार नाही. मग मुलगा घरातल्या एका खोलीत तो देश चालू ठेवतो. नव्या कंपनीच्या काकड्यांचं लोणचं जुन्या बरण्यांत भरतो, मित्राला घेऊन टीव्हीवरच्या खोट्या बातम्या तयार करतो. ती बरणी म्हणजे शिमच. पण सिनेमा अवघड होतो तो शेवटाकडे. (पाहिला नसेल तर पुढची दोन वाक्यं सोडा.) आईला कुणीतरी खरं सांगून टाकतं, आणि ती ते मुलाला कळू देत नाही. तो तिच्यासाठी खोटं जपतोय, ती त्याच्यासाठी ते मान्य करतेय. मला वाटतं, म्हणूनच ते खोटं आपल्याला क्रूर वाटत नाही. ते आता दोघांचं झालेलं असतं.

जुन्यासाठी उघडं ठेवलेलं दार कधी तिसऱ्यालाच भोवतं. कॉम्प्युटरने एकमेकांशी फाइल्सची देवाणघेवाण करण्याची 'एसएमबी १' नावाची १९८० च्या दशकातली पद्धत आहे. तिच्याहून चांगल्या पद्धती येऊनही, जुनी यंत्रं अडू नयेत म्हणून ती विंडोजमध्ये चालू ठेवलेली होती. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर प्रोग्रॅम त्याच दारातून जगभर पसरला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना अपॉइंटमेंट आणि ऑपरेशन्स रद्द करावी लागली. त्या रुग्णांनी कुठलीही टिक केलेली नव्हती. जुन्याला सामावून घेण्याचा खर्च बदल करणाऱ्याने उचलावा हे मी वर म्हटलं, पण तो खर्च नकळत ज्याच्या खिशातून गेला त्याला कुणी विचारलं होतं?

*

मराठी वाचणाऱ्यांसाठी हा प्रश्न फार दूरचा नाही. १९९० च्या दशकात आणि २००० नंतरही बरीच वर्षं आपली पुस्तकं, मासिकं, दिवाळी अंक पेजमेकरमध्ये, श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या पॅकेजच्या त्या काळातल्या फॉन्टमध्ये जुळवले गेले. ते फॉन्ट म्हणजेही एक शिमच होती. कॉम्प्युटरला फक्त रोमन अक्षरं कळायची, म्हणून रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरीची चित्रं बसवली. पडद्यावर 'क' दिसायचा, फाइलमध्ये असायचं भलतंच काही. आणि प्रत्येक पॅकेजची बसवण्याची रीत वेगळी. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, पण पेजमेकर युनिकोडपर्यंत कधी पोचलाच नाही. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ ची.

त्या खोट्याशिवाय त्या वीस वर्षांतली मराठी छपाई झालीच नसती. त्याबद्दल तक्रार करणं कृतघ्नपणा ठरेल. पण आज अशी फाइल फोनवर उघडली तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग दिसतो. तो वाचायला तोच फॉन्ट लागतो, आणि पेजमेकरची फाइल उघडायला पेजमेकरही. शिमने आपल्याला वेळ मिळवून दिला होता. त्या वेळात ज्यांनी मजकूर युनिकोडमध्ये आणला त्यांची पुस्तकं आता शोधता येतात, पुन्हा काढता येतात. ज्यांनी "चाललंय ना" म्हणून सोडून दिलं, त्यांची पुस्तकं कपाटातल्या सीडीवर आहेत.

*

एक गोष्ट मला बोचते. सिमसिटीसाठी आपण सिस्टिम वाकवली. दुकानातून प्रत्येक प्रोग्रॅम आणून, बसून, तो कुठे अडखळतो ते पाहिलं. तेवढी चिकाटी आपण माणसांसाठी कधी दाखवतो? बँकेतल्या काउंटरवर ज्या आजोबांना "ॲप डाउनलोड करा" सांगितलं जातं, मोलमजुरीने बोटं झिजून ज्या बाईचा ठसा आधारच्या मशीनवर जुळत नाही, त्यांच्यासाठी प्रॉपर्टीजमध्ये कुठला टॅब आहे? तिथे सिस्टिम एकदम ॲपलसारखी खरं बोलायला लागते: तुम्ही जुळत नाही. त्यांनी तर चूकही केलेली नसते. ती जिथे होती तिथे उभी होती, नियम बदलले.

म्हणून जुन्याशी खोटं बोलू नये असं मी म्हणणार नाही. मी तीन गोष्टी विचारेन. ज्याचं त्यात काही अडकलंय त्या माणसाला हे माहीत आहे का? हे एकापुरतं आहे की यात न विचारता इतरही ओढले गेलेत? आणि या खोट्याने जो वेळ मिळाला, त्यात आत अडकलेलं बाहेर काढायचं काम कुणी करतंय का? तिन्हींची उत्तरं नीट असतील तर खुशाल सांगा त्या प्रोग्रॅमला की अजून विंडोज ९५ च चालू आहे.

फोनवर तुम्हाला कधीतरी एक सूचना दिसली असेल: हे ॲप अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्तीसाठी बनवलेलं आहे. आपण 'ओके' दाबतो आणि पुढे जातो. अँड्रॉइड १४ पासून तर फार जुन्या, अँड्रॉइड ६ च्याही आधीच्या काळासाठी लिहिलेली ॲप्स नव्याने बसवताच येत नाहीत. म्हणजे फोन बदललात तर ते ॲप मागेच राहील. पुढच्या वेळी ती सूचना आली तर 'ओके' दाबायच्या आधी एकदा बघा, त्यात तुमचं असं काय आहे जे दुसरीकडे कुठेच नाही. आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग असेल, कॉलेजातल्या नोंदी असतील, कुणाला किती पैसे दिले त्याचा हिशोब असेल. ते आज बाहेर काढून ठेवा. ॲप मग हवं तेवढे दिवस चालू दे.